वातावरणीय यथार्थदर्शन

वातावरणीय यथार्थदर्शन ही रंग, उजळ-गडदपणा आणि कडांचा रेखीवपणा यांत क्रमाने बदल करून सपाट चित्रपृष्ठावर अंतराचा आभास निर्माण करण्याची पद्धती आहे. रेषीय यथार्थदर्शनात दूर जाताना जवळ येणाऱ्या समांतर रेषांनी खोली दाखवली जाते. डोंगररांगांत अशा रेषा क्वचितच असतात, त्यामुळे पर्वतीय निसर्गचित्रांत ही पद्धती विशेष महत्त्वाची ठरते.

शास्त्रीय कारण

हवेतील रेणू कमी तरंगलांबीचा निळा प्रकाश अधिक विखुरतात. डोंगर जितका दूर, तितका हा विखुरलेला प्रकाश मध्ये अधिक मिसळतो. परिणामी गडद भाग उजळ व निळसर दिसतात. याउलट, दूरच्या हिमशिखरावरून येणाऱ्या प्रकाशातील निळा अंश वाटेतच घटतो आणि बर्फ किंचित पिवळसर भासतो. धुक्यातील जलबिंदू सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात, म्हणून धुके पांढुरके दिसते.

इतिहास

चीनमधील ग्वो शी या चित्रकाराच्या ‘वसंतारंभ’ (१०७२) या शाईचित्रात डोंगर धुक्यात विरत जाताना दिसतात. यूरोपात लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) याने आपल्या टिपणांत या परिणामाची चर्चा केली. ‘मोनालिसा’ची पार्श्वभूमी हे त्याचे परिचित उदाहरण होय. फ्लेमिश चित्रकार योआखिम पातिनीर याने अग्रभागी तपकिरी, मध्यभागी हिरवा आणि दूरवर निळा अशी रंगयोजना वापरली.

तैलरंगातील चित्रण

तैलरंग बाष्पीभवनाने नव्हे, तर तेलाच्या ऑक्सिडीकरणाने सावकाश वाळतात. त्यामुळे ओल्या रंगातच दूरच्या कडा मऊ कुंचल्याने पुसट करता येतात. सामान्यतः प्रथम आकाश, मग सर्वांत दूरची रांग आणि शेवटी अग्रभाग असा क्रम असतो. अल्ट्रामरीन निळा व बर्न्ट सिएना यांच्या गडद मिश्रणात आकाशाचा रंग मिसळून दूरची रांग रंगवतात. पुढच्या प्रत्येक रांगेसाठी त्याचे प्रमाण कमी करतात. सर्वांत गडद छाया, उबदार रंग आणि जाड लेप अग्रभागासाठी राखून ठेवतात. चित्र वाळल्यावर फिकट रंगाचा विरळ थर फिरवून दरीतील धुके दाखवता येते. मात्र वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल कमी असल्यास रंगाला तडे जाण्याचा धोका असतो.

दूरचा डोंगर केवळ निळा रंगवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. त्यातील प्रकाश-छायेचा विरोध तसाच राहिला, तर गडद निळा डोंगरही जवळचाच वाटतो. अंतराचा आभास मुख्यतः हा विरोध क्रमाक्रमाने मंद केल्याने साधतो.