तंबूपुरती जागा

बँकेच्या नोकरीतली काही वर्षं मी एका तालुक्याच्या शाखेत काढली. तिथं लॉकर थोडे आणि मागणारे उदंड. प्रतीक्षायादीची वही माझ्या टेबलाच्या खणात असे. लग्नसराई जवळ आली की माणसं समोरच्या खुर्चीत टेकत आणि "साहेब, तेवढं बघा ना" म्हणत. कुणी आंब्याची पेटी आणून ठेवी, कुणी पुढाऱ्याची चिठ्ठी. त्या वहीनं मला एक गोष्ट कायमची शिकवली. वस्तू थोडी आणि मागणारे फार झाले, की ती वाटायचे मोजून चार रस्ते असतात. आधी येईल त्याला द्या, आधी नाव नोंदवील त्याला द्या, जास्त पैसे मोजील त्याला द्या, नाहीतर चिठ्ठ्या टाका. पाचवा रस्ता ओळखीचा. तो वहीत लिहीत नाहीत.

ही वही मला आठवली ती २०२५ च्या जुलै महिन्यात, कॅलिफोर्नियातल्या एका घाटात. खंबाटकीची आठवण यावी अशी वळणं होती. गाडीत मुलगा, सून, नऊ वर्षांची नात, मी आणि आमची सौ. डिकीत तंबू, पाच स्लीपिंग बॅगा, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सगळं होतं, फक्त तंबू ठोकायला जागा नव्हती.

आम्ही निघालो होतो योसेमिटीला. मुलं अमेरिकेत असलेल्या घरांतून हे नाव आता महाबळेश्वरइतकं सरावाचं झालं आहे. सिएरा नेवाडा पर्वतातलं हे राष्ट्रीय उद्यान पसरलंय सुमारे ३००० चौरस किलोमीटर, पण बहुतेकांना पाहायची असते ती एकच दरी. लांबी सातेक मैल, रुंदी जेमतेम मैलभर. दोन्ही अंगांना करड्या ग्रॅनाइटच्या ताशीव भिंती. त्यांतला एल कॅपिटानचा कडा पायथ्यापासून सुमारे ९०० मीटर सरळ उभा. दरीच्या टोकाला हाफ डोम, म्हणजे घुमटाचा अर्धा भाग सुरीनं कापून नेल्यासारखा डोंगर. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर. हाफ डोम नुसत्या दरीच्या तळापासूनच १४०० मीटरच्या वर जातो. हे पाहायला वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास माणसं येतात. २०१६ साली ती पन्नास लाखांवर गेली होती.

आणि रात्री राहायला? उद्यानात तंबूचे तळ तेरा. त्यांतले दरीत चार. तिथला सगळ्यांत मोठा तळ अप्पर पाइन्स, त्यात सव्वादोनशेच्या आसपास जागा. एका जागेत जास्तीत जास्त सहा माणसं. पूर्वी दरीत याहून बऱ्याच जागा होत्या. पण जानेवारी १९९७ मध्ये मर्सेड नदीला महापूर आला आणि जवळजवळ निम्मे तळ त्यात गेले. नदीकाठचे दोन मोठे तळ पुन्हा उभे केलेच नाहीत. नदीची जागा नदीला परत दिली, असं म्हणायचं. शहाणपणाचंच झालं, पण मागणारे काही कमी झाले नाहीत.

त्यात ४ जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. २०२५ साली तो शुक्रवारी आला. शुक्रवार, शनिवार, रविवार अशी सलग सुट्टी म्हणजे सारं राज्य रस्त्यावर. या दिवसांतल्या रात्रीचं आरक्षण उघडतं १५ फेब्रुवारीला, सकाळी ७ वाजता. पाच महिने आधी. माणसं आदल्या दिवशी गजर लावून, घरातले दोन-तीन संगणक मांडून बसतात. सातला आरक्षण उघडतं आणि काही मिनिटांत संपतं. गणपतीत कोकणात जायची तिकिटं ज्यांनी काढली आहेत, त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. तंबूच्या जागेचं भाडं चाळीसेक डॉलर. ज्याच्या नावावर जागा, त्यानं ओळखपत्र दाखवायचं, म्हणजे काळ्या बाजाराला आळा. रास्त व्यवस्था आहे. मी अधिकारी असतो तर अशीच आखली असती.

पण १५ फेब्रुवारीला आम्ही कुठं होतो? सौ. पुण्यात इस्पितळात होती. जानेवारीच्या अखेरीस तिची बायपास झाली होती. मुलगा धावत आला होता आणि आम्ही दोघं आळीपाळीनं तिच्या उशाशी बसत होतो. त्या आठवड्यात आमचं भविष्य म्हणजे उद्या सकाळची डॉक्टरांची फेरी. जुलैत कुठल्या डोंगरात झोपायचं, हे ठरवण्याइतका लांबचा विचार करायचं धैर्य घरात कुणाजवळ नव्हतं. मे महिन्यात डॉक्टरांनी विमानप्रवासाला परवानगी दिली. आणि सुनेच्या घरी पोचल्यावर आठवड्याभरात सौ. म्हणाली, "मला एकदा तंबूत झोपायचंय. डोंगरात. नातीबरोबर."

आधी नाव नोंदवील त्याला जागा, हा नियम कागदावर सगळ्यांना सारखा आहे. पण ज्यांचं आयुष्य पाच महिने आधी आखता येतं, त्यांना तो जरा जास्त सारखा आहे. दुखणं, बदली, बाळंतपण, पाळ्यांची नोकरी असलेली माणसं त्यातून आपोआप गळतात. त्या शाखेतल्या वहीत एका शिक्षकांचं नाव होतं. चार वर्षांनी त्यांचा नंबर लागला. मी मोठ्या आनंदानं निरोप धाडला. ते आले, उभ्यानंच म्हणाले, "साहेब, मंडळींच्या आजारपणात दागिने गेले. आता ठेवायला काही नाही. पुढच्याला द्या." मी त्यांच्या नावावर आडवी रेघ मारली. त्या रेघेचा विचार मी पुढं किती वेळा केला असेन!

मग बाकीचे रस्ते पाहिले. पैसे मोजण्याचा रस्ता होता. दरीत १९२७ सालचं एक भव्य दगडी हॉटेल आहे, पण तिथलं एका रात्रीचं भाडं ऐकून सौ.नं "तेवढ्यात अख्खं लग्न उरकेल" असं जाहीर केलं. चिठ्ठ्यांचा रस्ता आहे, पण तो मुख्यतः हाफ डोमच्या माथ्यावर दोरखंड धरून चढणाऱ्यांसाठी. आमच्यासारख्यांचा त्याच्याशी संबंध नाही. राहिला आधी येईल त्याचा रस्ता. तो उद्यानात आता जवळपास मिटला आहे, पण उद्यानाला लागून असलेल्या सरकारी जंगलांत अजून चालू आहे. तेव्हा गुरुवारी, ३ जुलैला, भल्या पहाटे तीन वाजता आम्ही निघालो.

गंमत अशी, की हा डोंगर सगळ्यांचा राहावा म्हणूनच सारा खटाटोप झाला होता. १८६४ साली, यादवी युद्ध पेटलेलं असताना, लिंकननं ही दरी लोकांच्या विश्रांतीसाठी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. १८९० साली भोवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. पण 'लोक' या शब्दात कोण येतं, हा प्रश्न तेव्हाही होता. त्याआधी तेरा वर्षं, १८५१ मध्ये, पिढ्यान्‌पिढ्या त्या दरीत राहणाऱ्या आवानीची लोकांना सशस्त्र तुकडीनं तिथून हुसकावलं होतं. त्यांचं आरक्षण पाच महिन्यांचं नव्हे, शतकांचं होतं. पुढं १९०३ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट निसर्गप्रेमी जॉन म्यूर यांच्याबरोबर इथं तीन रात्री उघड्यावर राहिले. एका रात्री बर्फ पडलं आणि सकाळी पांघरुणावर पांढरा थर होता, तरी स्वारी खूष. आणि १९७० साली, याच ४ जुलैच्या सुट्टीत, दरीतल्या स्टोनमन कुरणात जमलेल्या शेकडो तरुणांना हटवायला रेंजर घोड्यांवरून आत घुसले. दगडफेक झाली, धरपकड झाली. माणसं मावत नाहीत, हे दुखणं जुनंच आहे.

आम्ही जंगलातल्या पहिल्या तळावर पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. दारात पाटी: जागा नाही. दुसऱ्या तळावरही तीच. तिथं मुलानं गाडी बाजूला घेतली आणि आम्ही दोघं पायी फेरी मारायला निघालो. कुणी तंबू उतरवत असेल तर विचारायचं. एका म्हाताऱ्या जोडप्याची आवराआवर चालली होती; पण आम्ही पोचायच्या आधीच तीन गाड्या त्यांच्या मागं उभ्या. लग्नाच्या पंगतीत जेवणाऱ्याच्या पाठीशी उभं राहतात ना, तसं. मुलगा परत येताना गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, मला फेब्रुवारीत सुचायला हवं होतं." मी म्हणालो, "तुला फेब्रुवारीत जे सुचायला हवं होतं, ते सुचलं होतं." दोघंही पुढं काही बोललो नाही.

तळाची देखरेख करणाऱ्या बाई सत्तरीच्या असाव्यात. निवृत्तीनंतर दर उन्हाळ्यात आपलं चाकांवरचं घर आणून इथं राहतात, सरकारला मदत करतात. त्यांनी नकाशा पसरून बोट ठेवलं. या सरकारी जंगलात ठरावीक तळाबाहेरही, जिथं मनाई नाही तिथं, तंबू ठोकता येतो. पैसे नाहीत, आरक्षण नाही. अट एवढीच, की पाण्यापासून आणि रस्त्यापासून लांब राहायचं, आणलेला कचरा परत न्यायचा. शेगडी पेटवायला मोफत परवाना लागतो. तो मुलानं आधीच घेतला होता. "मात्र," बाई सौ.कडे बघून म्हणाल्या, "तिथं नळ नाही आणि संडासही नाही."

मुलानं नकाशाची घडी घातली. "आई, आपण परत जाऊ. पुढच्या वेळी बघू." पाच महिन्यांपूर्वी छाती उघडलेल्या बाईला जंगलात न्यायचं, हे त्याला पटत नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आमच्या माहेरी कुठं होता संडास? कंदील घेऊन परसाकडं जायचो. पुढची वेळ, पुढची वेळ काय करतोस! चल."

कच्च्या वाटेनं मैलभर आत देवदारासारख्या उंच झाडांखाली सपाट जागा सापडली. तंबू नातीनं आणि आजीनं मिळून उभारला. खुंट्या ठोकायचं काम माझ्याकडं. वणव्याच्या भीतीनं शेकोटी केली नाही, लहान गॅसवर चहा झाला. खाण्याचं सगळं अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात गेलं. टूथपेस्टसुद्धा, कारण अस्वलाला वास तो वासच. योसेमिटीत १९९८ साली अस्वलांनी गाड्या फोडण्याचे, खाणं पळवण्याचे प्रकार दीड हजारांवर गेले होते. पुढं लोखंडी पेट्या आणि कडक नियम आल्यावर ते कितीतरी कमी झाले. नातीनं आजीची औषधांची पिशवीही डब्यात टाकली. ती रात्रीच्या गोळीसाठी परत काढावी लागली.

अष्टमीचा चंद्र होता. आषाढी दोन दिवसांवर आली होती. सौ. पडल्यापडल्या म्हणाली, "आज आपल्याकडं वारी कुठं पोचली असेल?" मी नातीला वारीचं सांगू लागलो. लाखो माणसं, रोज नवा मुक्काम, तरी प्रत्येक दिंडीला क्रमांक, कुणी रथाच्या पुढं, कुणी मागं. तंबूचे ट्रक आधी जाऊन पुढच्या मुक्कामी थांबतात. नातीनं विचारलं, "ते आरक्षण कधी करतात?" मी म्हणालो, "पिढ्यान्‌पिढ्या आधी." मध्यरात्रीनंतर चंद्र मावळला आणि झाडांच्या शेंड्यांमधून आकाशगंगा दिसू लागली. मी सौ.ला हलवलं. ती जागीच होती.

त्या उन्हाळ्यात सकाळी सहा ते दुपारी दोन या वेळात उद्यानात शिरायलाही आरक्षण लागत होतं. तेव्हा आम्ही अंधारातच आवरलं आणि सहाच्या आत फाटक ओलांडलं. दरीत पोचलो तेव्हा रस्ते रिकामे होते. हाफ डोमच्या माथ्यावर ऊन आलं होतं, खाली अजून सावली. सौ. एका कठड्याला टेकून उभी राहिली. नऊ वाजता गाड्यांची रांग लागली तेव्हा आमचं बघून झालं होतं.

मुलांकडं उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी इतकं लक्षात ठेवावं. जमत असेल तर पाच महिने आधी नाव नोंदवा. नसेल जमलं तर रद्द झालेल्या जागा रोज पाहत राहा, कारण माणसांचे बेत बदलतात. सुट्टीच्या आधी, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी पोचा. आणि उद्यानाला खेटून असलेल्या साध्या जंगलाला कमी लेखू नका. नियम वरचेवर बदलतात. निघण्याआधी विचारून घ्या.

परतीच्या वाटेवर सौ.नं मुलाला विचारलं, "आरक्षण १५ फेब्रुवारीला उघडतं म्हणालास ना? सकाळी सातला? म्हणजे आपल्याकडं किती वाजता?"

"रात्री साडेआठ."

तिनं मला फोनवर गजर लावायला सांगितला. "त्या दिवशी जेवण जरा उशिरा करू," ती म्हणाली.