बोपदेव घाट, दोन फेऱ्या

पहाटे ५.३०

पार्किंगमध्ये वॅगनआर उभी आहे, सीएनजीवाली. गाड्यांची परीक्षणं लिहिणं हा माझा पेशा आणि या आठवड्यात पाळी हिची. चावी फिरवली की गाडी आधी पेट्रोलवर चालू होते आणि जरा वेळाने आपोआप गॅसवर जाते. टायरमधली हवा बघतो, ट्रिप मीटर शून्यावर आणतो, वहीत वार लिहितो : गुरुवार.

वार मुद्दाम निवडलाय. पुणे-पिंपरीच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. भोसरीत नोकरी करणारे एक वाचक आज सहकुटुंब माझ्याबरोबर येणार आहेत. घरात स्कूटर आहे, पहिली चारचाकी घ्यायची आहे आणि नजर याच गाडीवर आहे. ते येईपर्यंत गाडीत मी एकटाच.

सकाळी ६.१५

कोंढव्याच्या बाजूने बोपदेव घाट चढायला घेतो. या वेळी रस्ता मोकळा असतो, म्हणून आम्ही सगळे परीक्षक पहाटेच निघतो. पहिल्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये गाडी कुंथते, दुसरा टाकावा लागतो. हे एक लिटरचं इंजिन पेट्रोलवर ६७च्या आसपास हॉर्सपॉवर देतं, गॅसवर ५७च्या आसपास. ती दहाची तूट चढावर लगेच जाणवते.

गाडीची उंची १,६७५ मिलिमीटर. एवढी उंच आणि अरुंद गाडी वळणात कलणारच, तशी ती कलते. स्टिअरिंग हलकं आहे, पण वेगात वळताना पुढच्या चाकांचा अंदाज हाताला लागत नाही. डॅशबोर्डचं प्लॅस्टिक कडक. क्लच मात्र लोण्यासारखा मऊ, आणि काचांतून चारही बाजूंचं स्वच्छ दिसतं.

वहीत एवढं लिहून झालं की आमच्या पद्धतीचं परीक्षण निम्मं तयार होतं : शहराला ठीक, चालवण्यात मजा नाही. यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त तो कुठून आला तेही सांगायला हवं. परीक्षक गाडीत एकटा असतो. बहुतेक वेळा इंधन त्याच्या खिशातून जात नाही. काल त्याने दुप्पट किमतीची गाडी चालवलेली असते आणि चार-पाच दिवसांनी हीसुद्धा तो परत करणार असतो. गाडी विकत घेणाऱ्याच्या बाबतीत यातलं एकही खरं नसतं.

सकाळी ७.३०

घाटमाथ्यावर फोटो. कोवळं ऊन आहे तोवर पुढून, मागून, बाजूने. डिकीचा फोटो मी आवर्जून काढतो : दार उघडं, आत गॅसची टाकी आणि तिच्याशेजारी एक मध्यम बॅग. जाहिरातीत हा फोटो सहसा दिसत नाही.

सकाळी ८.१५

सीएनजीची रांग. पुढे रिक्षा, मागे टॅक्सी. गॅस भरताना गाडीतल्या सगळ्यांनी खाली उतरायचं असतं, हा नियम. पुढच्या गाडीतून एक आजोबा काठी टेकत उतरले, डोक्यावर ऊन घेत बाजूला उभे राहिले आणि नळी निघाल्यावर परत बसले. सीएनजी गाडीच्या परीक्षणात हे यायलाच हवं. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल, तर रांगेतली ही चढ-उतर नेहमीचीच होणार आहे.

रांगेत गाडीवर चर्चा हमखास होते, आणि पहिला प्रश्न कायम तोच : “ॲव्हरेज किती देते?” मग पुढचे : किट कंपनीचं का बाहेरून बसवलेलं? स्पीडब्रेकरवर घासते का? विकायला काढली तर किती येतात? शून्यावरून शंभरचा वेग किती सेकंदांत गाठते, हे इथे कुणी विचारत नाही.

कागदावर ही गाडी किलोला ३४.०५ किलोमीटर देते. हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. रोलरवर गाडी ठरावीक चक्रात चालवतात, एसी बंद असतो, वेग ताशी ९०च्या पुढे जात नाही. सगळ्या गाड्यांना एकच फूटपट्टी लागावी म्हणून ही चाचणी आहे आणि तेवढ्यासाठी ती उत्तमच आहे. आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेत अशा चाचण्या होतात. पण घरखर्चाचा हिशेब त्या आकड्यावर बसवायचा नसतो. त्यासाठी एकाच पंपावर भरायचं, किलो मोजायचे आणि मागच्या भरण्यापासूनचे किलोमीटर त्यांनी भागायचे. एका भरण्यावर विसंबायचं नाही, कारण पंपावरचा दाब कमी-जास्त असतो आणि टाकी दर वेळी सारखीच भरते असं नाही. ६० लिटरच्या या टाकीत साधारण नऊ किलो गॅस मावतो.

सकाळी १०.००

कुटुंब आलं. नवरा-बायको, दोन मुलं आणि त्यांची आजी. मी गाडीबद्दल एक अक्षर बोलत नाही, फक्त बघतो.

आजी आधी. नऊवारी नेसलेल्या, एका हातात पिशवी. मागचं दार चांगलं रुंद उघडतं. आजींनी पाठ फिरवली, बैठकीवर बसल्या आणि मग एकेक पाय आत घेतला. वाकल्या नाहीत, डोकं कुठे आपटलं नाही, कुणाचा हात लागला नाही. “बाई, हे बरंय. खुर्चीवर बसल्यासारखं,” त्या म्हणाल्या. पहाटे माझ्या वहीत जी उंची वळणात कलण्याचं कारण म्हणून गेली होती, तिच्यामुळेच आजींना असं बसता आलं. उंच छताखाली बैठकही उंच ठेवता येते, त्यामुळे उतरताना गुडघ्यांवर जोर येत नाही. इंजिनिअरांनी हा सौदा समजून-उमजून केलाय. वॅगनआर १९९९मध्ये आपल्याकडे आली तेव्हा तिच्या खोक्यासारख्या आकाराला लोकांनी नाकं मुरडली. त्याच खोक्याने तिला इतकी वर्षं बाजारात टिकवलं.

मागे तिघं बसल्यावर खांदे भिडतात. वहिनींनी लगेच विचारलं, “दादा, मुलं मोठी झाल्यावर काय?” मी खरं ते सांगितलं : आणखी चार-पाच वर्षांनी लांबच्या प्रवासाला मागे दाटी होणार. तिसऱ्या माणसासाठी ही गाडी अरुंदच आहे.

सकाळी ११.१५

पुन्हा बोपदेव. सगळ्यांना नारायणपूरला दत्ताच्या दर्शनाला जायचंय. स्टिअरिंगवर ते वाचक, शेजारी मी, मागे बाकीचे, धाकटा आईच्या मांडीवर. मांडीवर बसवणं बरोबर नाही हे मी निघतानाच बोललो. स्कूटरवर तो पुढे उभा राहून जातो, असं उत्तर आलं. तो विषय संध्याकाळी लिहायचाय, तशी वहीत खूण केली.

एसी चालू, माणसं भरलेली, गाडी गॅसवर. पहाटे जिथे दुसरा गिअर पुरला, तिथे आता पुढच्या डंपरमुळे वेग तुटला आणि पहिला टाकावा लागला. ओव्हरटेक करायचं म्हटलं तर मोकळा रस्ता चांगला लांबवर दिसायला हवा. मी त्यांना एसी बंद करून बघायला सांगितलं, थोडा फरक पडला. मग पेट्रोलचं बटण दाबायला सांगितलं, आणखी फरक पडला. हे त्यांच्या उपयोगाचं आहे. घाटात गॅसचा हट्ट धरू नका, चढ येण्याआधी पेट्रोलवर घ्या, माथ्यावर परत गॅसवर जा.

वळणात कलण्याचं काय? कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण सहा जीव गाडीत असताना ते वळण त्या वेगाने घेतच नाहीत. स्टिअरिंगचा हलकेपणा तर त्यांना फार आवडला. वहिनींना शिकायची आहे. मंदिराजवळ गर्दीत गाडी वळवून लावताना त्या नवऱ्याचे हात बघत होत्या. “जमेल मला,” म्हणाल्या. लहान गाडीचं याहून मोठं काम कोणतं?

दुपारी १.३०

परतताना नाना पेठ. सुट्या भागांचा हा बाजार मला कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगतो. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, हेडलाइट, बंपर असं विचारत जातो. विचारायचं ते भावाइतकंच हेही, की माल हातात आहे का मागवावा लागेल. ज्या गाडीचा भाग चारही दुकानांत टांगलेला असतो, ती तालुक्याच्या गावात बंद पडली तरी त्याच दिवशी चालू होते. दहा वर्षं गाडी सांभाळणाऱ्या माणसाच्या लेखी याचं मोल फार आहे. पुढे विकायची वेळ आली की गिऱ्हाईकही याच भरवशावर मिळतं.

दुपारी ३.३०

टेबलावर. आता आकडे आणि मागचा इतिहास.

टाटा नॅनोला २०१०चा ‘इंडियन कार ऑफ द इयर’ हा पुरस्कार मिळाला. पंच म्हणून मोटारगाड्यांवर लिहिणारेच बसले होते. ६२४ सीसीचं इंजिन मागे बसवून एवढ्याशा गाडीत चार माणसं ऐसपैस बसवली, या कल्पकतेला त्यांनी दाद दिली आणि ती योग्यच होती. पण गाडी विकत घेणारा लग्नाला, गावी, सासुरवाडीला हीच घेऊन जाणार होता. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का त्याला नको होता. तो शिक्का भोवला, हे पुढे रतन टाटांनीही जाहीरपणे सांगितलं. शिवाय सुरुवातीच्या नॅनोची डिकी बाहेरून उघडतच नव्हती. ती उघडायला २०१५ उजाडलं. २०१८मध्ये उत्पादन थांबल्यातच जमा झालं.

दुसरीकडे, चालवण्यात मजा नाही म्हणून आम्ही जिला बाजूला सारतो ती वॅगनआर २०२४-२५मध्ये सलग चौथ्या आर्थिक वर्षी देशात सर्वाधिक खपलेली गाडी ठरली. त्या वर्षी जवळपास १.९८ लाख गाड्या विकल्या गेल्या. एवढ्या लोकांना गाड्यांतलं कळत नाही असं म्हणणं हा उद्धटपणा होईल. त्यांनी बैठक, गॅस, गॅरेज आणि पुनर्विक्री असं चारही बाजूंनी गणित मांडलंय. २२ सप्टेंबर २०२५पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. त्या गणितात आता आणखी घरं उतरतील.

संध्याकाळी ६.००

खूण केलेला विषय. दिवसभरात त्या कुटुंबाने सगळं विचारलं, एक सोडून : ठोकर लागली तर?

गाड्यांची धडक-चाचणी करणाऱ्या ग्लोबल एनकॅपने २०२३मध्ये वॅगनआरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एक तारा दिला, मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य. धडकेत सांगाडा स्थिर राहिला नाही, असंही नोंदवलं. २०२५मध्ये सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅग आल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण एअरबॅग वेगळी आणि सांगाडा वेगळा. तुलनेला टाटा टियागो घ्या : तिला २०२०मध्ये चार तारे मिळाले, तेही त्या वेळच्या कमी कडक निकषांवर. म्हणून दोन्हींचे तारे शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही. तरी फरक आहेच, आणि टियागोत गॅसच्या दोन लहान टाक्या खाली बसवल्यामुळे डिकीही वापरता येते. तिची बैठक मात्र खाली आहे. आजींना वाकावं लागेल.

“आम्ही शहरातच फिरणार,” असं ते म्हणाले होते. दिवाळीला मात्र हेच कुटुंब महामार्गाने साताऱ्याकडे जाणार आहे. इथे गिऱ्हाइकाला हवं तेच लिहून परीक्षकाला सुटता येत नाही. बैठकीची उंची आजी स्वतः बसून बघू शकतात. धडकेत सांगाडा टिकतो का, हे शोरूममध्ये कुणालाच बघता येत नाही. ते सांगणारा माणूस म्हणूनच आमची गरज आहे. त्याचबरोबर हेही लिहायचं, की पावसात एका स्कूटरवर चौघं जाण्यापेक्षा ही गाडी कितीतरी सुरक्षित आहे. पट्टा मागेही लावायचा, मूल मांडीवर घ्यायचं नाही, लहानग्यासाठी वेगळी सीट घ्यायची. तिचा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच हप्त्याचा हिशेब करायचा.

रात्री ८.३०

लेख पूर्ण. क्रम असा लावला : आधी चढ-उतर आणि बैठक, मग भरलेल्या गाडीचा घाट, मग गॅस, गॅरेज आणि विक्री, मग सुरक्षा पूर्ण तपशिलाने. रिकाम्या घाटातली पहाट शेवटी, एका परिच्छेदात. निकाल : घरात म्हातारं माणूस असेल, रोजचं फिरणं शहरातलं असेल आणि वर्षातून चार वेळा गावी जायचं असेल, तर ही गाडी घ्या, महामार्ग नेहमीचा असेल तर घेऊ नका, बैठक थोडी खाली चालेल पण सांगाडा मजबूत हवा.

महागडी गाडी घेणाऱ्याची निवड चुकली तर तो दोन वर्षांत ती बदलतो. लहान गाडी घेणारा मात्र सात वर्षं हप्ते भरतो आणि त्यानंतरही तीच चालवतो. चूक निस्तरायला त्याच्याकडे पैसे उरलेले नसतात. म्हणून सगळ्यात बारकाईचं परीक्षण बाजारातल्या सगळ्यात स्वस्त गाड्यांचं व्हायला हवं, आणि ते माणसं भरलेल्या गाडीतूनच व्हायला हवं.