पहिली सागरसफर : तयारी बंगळुरूतूनच

बंगळुरूला समुद्र नाही. त्यामुळे येथील कुटुंबाची पहिली सागरसफर बंदर गाठण्यापासूनच सुरू होते. चेन्नई सुमारे ३५० किलोमीटरवर, मुंबई त्याहून बरीच दूर. जहाज उशिरा पोहोचणाऱ्यांसाठी थांबत नाही आणि भाडेही सहसा परत मिळत नाही. म्हणून आदल्या दिवशीच बंदराच्या शहरी मुक्काम करावा.

सिंगापूरहून मलेशियाला जाऊन परतणाऱ्या सफरीसाठी सिंगापूरचा एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. जहाजावरील किरकोळ खर्च खोलीच्या खात्यावर नोंदला जातो आणि अखेरीस एकदम वसूल होतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नवे कार्ड देण्याच्या वेळी त्यावरील परदेशी व्यवहार बंद असतात. निघण्यापूर्वीच ते सुरू करून खर्चाची मर्यादा ठरवावी. किनारा सुटल्यावर शाखा हाकेच्या अंतरावर नसते!