लिनक्सवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर: पडदो काळो पडलो तर काय?

हा आपल्या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त जिथे मी अडखळलो ते काढून टाकलंय. कमांड ऐकून ज्या लिहून घेता येत नाहीत त्या इथे उच्चाराप्रमाणे दिल्यात. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. तेव्हापासून मालवण, तारकर्ली, देवबागातून एकाच प्रकारचे प्रश्न येतायत. दुकानात किंवा घरी एक जुना डेस्कटॉप आहे, सात-आठ वर्षांपूर्वीचा. त्यात जीटीएक्स १०५० टीआय कार्ड आहे. सीझनमध्ये स्कूबाचे गोप्रो व्हिडिओ त्यावर कापायचे, गाणं टाकायचं आणि पर्यटक जेवून परत येईपर्यंत त्यांच्या मोबाइलवर द्यायचे. विंडोज ११ हा प्रोसेसर स्वीकारत नाही. नवीन मशीन घ्यायचं तर सीझनचे पैसे त्यातच जातात. म्हणून कोणीतरी सांगतं, लिनक्स मिंट टाक. टाकतात, छान चालतं, आणि मग व्हिडिओ एडिटर उघडला की सगळं गोगलगायीसारखं. किंवा त्याहून वाईट, ड्रायव्हर टाकायला गेले आणि मेसेज येतो, 'मशीन सुरू होता, पण पडदो काळोच!'

कार्ड बहुतेक वेळा मेलेलं नसतं. तरी आधी दोन गोष्टी बघा. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावलीय की कार्डच्या? हसू नका, हे फार जणांकडून होतं. दुसरं, आपल्याकडची खारी हवा. किनाऱ्यावर दोन पावसाळे उघड्या कॅबिनेटमध्ये काढलेल्या कार्डच्या सोनेरी पट्टीवर थर चढतो. मशीन बंद करा, प्लग काढा, कार्ड काढून पट्टीवर शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कचरा झटका, परत बसवा. सॉफ्टवेअरला शिव्या घालायच्या त्यानंतर.

आता मुख्य मुद्दा. लिनक्स टाकल्याबरोबर एनव्हिडिया कार्डवर चित्र दिसतं, ते 'नूव्हो' नावाच्या ड्रायव्हरमुळे. नूव्हो म्हणजे फ्रेंचमध्ये 'नवीन'. कंपनीने माहिती दिली नव्हती, तेव्हा काही प्रोग्रामरांनी कार्ड बाहेरून निरखून, कशाला काय उत्तर देतं ते तपासत हा ड्रायव्हर लिहिला. २०१० पासून तो लिनक्स कर्नलमध्येच येतो. काम कौतुकाचं आहे, पण एका जागी ते अडकलं. जीटीएक्स ९०० मालिकेपासून एनव्हिडियाने असं केलं की कार्डचा वेग वाढवायचा तर कंपनीची सही असलेलं फर्मवेअरच लागतं. नूव्होकडे ते नाही. म्हणून तुमचं १०५० टीआय नूव्होवर चालतं, पण चालू होताना ज्या कमी वेगावर असतं त्याच वेगावर राहतं. होडीला इंजिन आहे, पण पहिल्या गिअरच्या पुढे जात नाही, असं समजा. सेटिंग्जमध्ये सिस्टिमच्या माहितीत ग्राफिक्ससमोर 'एनव्ही १३७' दिसलं, तर हेच चाललंय. आणि 'एलएलव्हीएम-पाइप' दिसलं तर कार्ड कामालाच लागलेलं नाही, प्रोसेसर एकटाच चित्रं काढतोय.

यावर एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर हा उपाय, तो बंद, कोड न दाखवलेला. यावरून भांडणं जुनी आहेत. लिनक्सचा जनक लिनस तोरवाल्ड्स याने २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्तो विद्यापीठात भर सभेत कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला, पण फक्त टूरिंग, म्हणजे आरटीएक्स २० आणि जीटीएक्स १६ मालिकेपासून पुढच्या कार्डांसाठी. वरचा मोठा भाग अजून बंदच आहे. गंमत म्हणजे आपल्या पुण्यात सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' हा सुपरकॉम्प्युटर, जो नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या पहिल्या पाचशेंच्या यादीत ६३ वा आला होता, तोही एनव्हिडियाची कार्डं आणि लिनक्स यांच्यावरच चालतो. म्हणजे ही जोडी जमत नाही असं नाही. तिथे जमवायला इंजिनिअरांची फौज आहे, इथे तुम्ही एकटे आहात, एवढाच फरक.

तर तुम्ही एकटे असताना सगळ्यात आधी काय करायचं नाही ते सांगतो. विंडोजची सवय अशी: एनव्हिडियाच्या साइटवर जा, ड्रायव्हर डाउनलोड करा, डबल क्लिक. लिनक्ससाठीही तिथे फाइल मिळते, शेवटी 'डॉट रन' असलेली. ती घेऊ नका. आधी काहीशे एमबी नेट जातं, पण खरं दुखणं नंतर येतं.

दुखणं असं आहे. ड्रायव्हरचा एक तुकडा थेट कर्नलच्या आत बसतो, त्याला मॉड्यूल म्हणतात. लिनक्स कर्नलची आतली रचना प्रत्येक आवृत्तीत बदलू शकते, तोरवाल्ड्सची मंडळी ती गोठवून ठेवत नाहीत. म्हणून मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बनलं, त्याच्याशीच जुळतं. ट्रॉलरचं इंजिन बदललं की जुनी कपलिंग बसेलच असं नाही, तसंच. आता मिंट किंवा उबुंटू दर काही आठवड्यांनी अपडेटमध्ये नवीन कर्नल आणतं. तुम्ही साइटवरून हाताने बसवलेल्या ड्रायव्हरचं मॉड्यूल बहुतेक वेळा जुन्या कर्नललाच चिकटून राहतं. अपडेट केलं, रिस्टार्ट केलं, पडदो काळो. आणि तुम्ही म्हणता, 'मी तर काहीच केलं नाही!' खरंच केलेलं नसतं.

वितरणाच्या भांडारातून, म्हणजे मिंटच्या 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून किंवा उबुंटूच्या 'ॲडिशनल ड्रायव्हर्स'मधून तोच ड्रायव्हर घेतला, तर ही जबाबदारी मशीन घेतं. उबुंटूत बऱ्याचदा प्रत्येक कर्नलसोबत तयार मॉड्यूल येतं. नाहीतर डीकेएमएस नावाची व्यवस्था असते. डेल कंपनीने २००३ च्या सुमारास ती आणली. नवीन कर्नल आला की ती मॉड्यूल तुमच्याच मशीनवर पुन्हा बांधते. म्हणून अपडेट चालू असताना एका ठिकाणी दोन-चार मिनिटं अडकल्यासारखं वाटतं. अडकलेलं नसतं, बांधकाम चालू असतं. तेव्हा बटण दाबून मशीन बंद करू नका!

आता कार्ड ओळखा. टर्मिनल उघडून 'एल-एस-पी-सी-आय' टाइप करा आणि 'व्हीजीए' लिहिलेली ओळ शोधा. तिथे कार्डच्या नावाआधी चिपचं नाव असतं. खोक्यावरच्या नावापेक्षा हे नाव महत्त्वाचं, आणि जीटी ७३० हे त्याचं झकास उदाहरण. एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्या विकल्या गेल्या. ओळीत 'जीएफ १०८' असेल तर ती फर्मी पिढी, तिला ३९० शाखेचा ड्रायव्हर लागतो, आणि त्याचा आधार २०२२ अखेर थांबला. 'जीके २०८' असेल तर केप्लर, तिला ४७० शाखा, तिचीही कंपनीकडून मुदत २०२४ मध्ये संपली. जीएफवाल्यांना माझा सल्ला: नूव्होवर राहा, ब्राउझर आणि पिक्चर बघण्यापुरतं ते पुरतं. जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर बसवण्यात रविवार घालवू नका.

'जीएम' किंवा 'जीपी' ने सुरू होणारी नावं म्हणजे मॅक्सवेल आणि पास्कल. तुमचं १०५० टीआय 'जीपी १०७' आहे. यांच्यासाठी ५८० ही शेवटची शाखा, पुढच्या शाखांनी ही कार्डं सोडली. आणि इथे एक खड्डा आहे. यादीत ५८० दोनदा दिसेल, एक साधा आणि एक नावाच्या शेवटी 'ओपन' असलेला. ओपन हा शब्द चांगला वाटतो, पण खुला भाग टूरिंगपासूनच चालतो हे आत्ताच सांगितलं. १०५० टीआयवर ओपन टाकलात तर कार्ड उठणार नाही. साधा घ्या. उलट नवीन आरटीएक्स ५० मालिका असेल तर ओपनच लागतो. 'रेकमेंडेड' लिहिलेलं असतं ते सहसा बरोबर असतं, तरी नजर टाका.

निवडायच्या आधी मिंटवाल्यांनी 'टाइमशिफ्ट' उघडून एक स्नॅपशॉट घ्या. मग ड्रायव्हर निवडा, 'अप्लाय' दाबा, वाट बघा. टर्मिनलच हवं असेल तर उबुंटूवर 'सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल', मधली जोडरेघ विसरू नका. फेडोरावाल्यांनी आरपीएम फ्युजनमधून 'एकेमॉड-एनव्हिडिया' घ्या आणि इन्स्टॉल संपल्यावर लगेच रिस्टार्ट करू नका, मागे मॉड्यूल बांधलं जात असतं, पाच मिनिटं चहा प्या.

आता जिथे सगळ्यात जास्त लोक अडकतात ते. इन्स्टॉल चालू असताना कधी कधी मशीन एक पासवर्ड ठरवायला सांगतं आणि 'सिक्युअर बूट' असं काहीतरी बोलतं. लोकांना वाटतं लॉगिनचा पासवर्ड मागतंय. तसं नाही. तुमच्या मदरबोर्डवर सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल सही नसलेलं मॉड्यूल आत घेत नाही. डीकेएमएसने तुमच्या घरी बांधलेल्या मॉड्यूलवर सही तुमच्याच मशीनची असते, आणि ती सही मदरबोर्डने ओळखायला हवी. म्हणून हा एकदाच वापरायचा पासवर्ड. सोपा ठेवा, कागदावर लिहा.

रिस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो, 'एमओके मॅनेजमेंट' लिहिलेला. तो दहा सेकंदच थांबतो! तेवढ्यात कुठलंही बटण दाबा. पहिला पर्याय 'कंटिन्यू बूट' असतो, आणि घाबरून सगळे तोच दाबतात. तो नाही. 'एन्रोल एमओके' निवडा, मग 'कंटिन्यू', मग 'येस', मग तो कागदावरचा पासवर्ड, मग 'रिबूट'. हुकलंच तर पुन्हा टर्मिनलात 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी', त्यापुढे दोन जोडरेघा लावून 'एन्रोल-की', आणि परत रिस्टार्ट. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूटच बंद करा असं सांगणारे बरेच भेटतील. चालतं, पण कारण माहीत असताना कुलूपच काढून टाकायची मला तरी गरज वाटत नाही.

झालं की नाही हे तपासायला टर्मिनलात 'एनव्हिडिया-एसएमआय', मध्ये जोडरेघ. चौकट आली, त्यात कार्डचं नाव, तापमान, मेमरी दिसली, की जमलं. 'ड्रायव्हरशी बोलता येत नाही' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आलं, तर मॉड्यूल आत गेलेलं नाही, आणि बहुतेक वेळा कारण तो निळा पडदाच.

आणि काळा पडदा आलाच तर? फॉरमॅट नको. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबा. अक्षरांचं लॉगिन आलं तर मशीन जिवंत आहे, फक्त चित्र मेलंय. लॉगिन करून 'सुडो एपीटी पर्ज', पुढे एकेरी अवतरणात एनव्हिडिया, जोडरेघ, चांदणी. रिस्टार्ट. परत नूव्होवर याल, सावकाश का होईना चित्र दिसेल. तेही नाही आलं, तर सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबचा मेनू आणा, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा. लिनक्स जुना कर्नल लगेच फेकत नाही, तो अशाच वेळी कामाला येतो.

आपल्याकडचं आणखी एक संकट आहे ते म्हणजे वीज. डीकेएमएसचं बांधकाम चालू असताना लाइट गेली तर पॅकेज अर्धवट राहतं. लाइट आल्यावर 'सुडो डीपीकेजी', दोन जोडरेघा, 'कॉन्फिगर', जागा सोडून एक जोडरेघ आणि 'ए'. तो राहिलेलं काम पूर्ण करतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने काय केलं ते इथे कोणाला सांगायला नको, पण साध्या जूनच्या पावसातही रोज दोनदा जाते. म्हणून हे काम इन्व्हर्टरवर करा. आणि करा पावसाळ्यातच, वॉटर स्पोर्ट्स बंद असतात तेव्हा. नाताळच्या आठवड्यात, दारात चाळीस माणसं व्हिडिओसाठी उभी असताना, कर्नल अपडेटला हात लावू नका. 'नंतर' दाबा.

शेवटी एडिटरबद्दल, कारण खरं काम तेच. डाव्हिन्ची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती लिनक्सवर गोप्रोच्या एच-२६४ फाइली थेट उघडत नाही. ड्रायव्हर कितीही बरोबर असला तरी. त्यामुळे ड्रायव्हरला दोष देऊ नका, केडेनलाइव्ह किंवा शॉटकट वापरा. तिथे व्हिडिओ बाहेर काढताना 'एनव्हीएन्क' असलेला पर्याय निवडा, म्हणजे ते काम कार्ड करतं. १०५० टीआयमध्ये ती सोय आहे. जीटी १०३० मध्ये नाही, त्यामुळे जुन्या बाजारातून कार्ड घेणार असाल तर १०३० स्वस्त मिळतंय म्हणून उचलू नका.

एएमडीवाले गालातल्या गालात हसत असतील, त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच येतो, त्यांना यातलं बहुतेक काही करावं लागत नाही. लॅपटॉपमध्ये दोन-दोन ग्राफिक्स असतात, त्याची भानगड वेगळी, तो पुढचा भाग. कोणाच्या जीटी ७३० मधून काय निघालं, जीएफ की जीके, ते कळवा.