समाजमाध्यमे आणि मनाचे आरोग्य

एक काळ असा होता की, चाळीत एकाच घरी टी.व्ही. असे आणि सगळी मुले त्या एका दारात जमत. आज एका घरात चार माणसे आणि चार मोबाईल असे चित्र दिसते. चौघे एकाच खोलीत बसलेले असतात, पण चौघांची मने चार ठिकाणी असतात. व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यू-ट्यूब ही नावे आता आजी-आजोबांच्याही तोंडी रुळली आहेत. या माध्यमांनी माणसे जवळ आणली हे खरेच आहे. परगावी नोकरीला गेलेल्या मुलाचा चेहरा आईला रोज दिसतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख खेड्यातील विद्यार्थ्यालाही त्याच दिवशी कळते. हे लाभ आम्ही नाकारीत नाही. परंतु या माध्यमांचा मनावर काय परिणाम होतो, हा प्रश्न शिकणारी मुले असलेल्या प्रत्येक घरापुढे उभा आहे. 'आमच्या वेळी असे नव्हते' एवढे म्हणून तो सुटणार नाही. पुरावा काय आहे, ते पाहिले पाहिजे.

फेसबुक २००४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सुरू झाले. प्रारंभी ते सर्वांना खुले नव्हते. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात असे ते टप्प्याटप्प्याने पसरले. ब्राघिएरी, लेव्ही आणि मकारिन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. ज्या कॉलेजांत फेसबुक पोहोचले होते आणि ज्यांत अजून पोहोचले नव्हते, तेथील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याच्या नोंदी त्यांनी ताडून पाहिल्या. त्यांचा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. फेसबुक आल्यानंतर विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य खालावले, विशेषतः नैराश्याची लक्षणे वाढली. नोकरी गेल्यावर मनावर जो आघात होतो, त्याच्या सुमारे २२ टक्के इतका हा परिणाम होता. मानसिक त्रासामुळे अभ्यासावर परिणाम झाला, असे सांगणारे विद्यार्थीही वाढले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या काळी आजच्यासारखे स्मार्टफोन विद्यार्थ्यांच्या खिशात नव्हते. फेसबुकवरील 'लाईक'चे बटणसुद्धा २००९ साली आले. मग बिघडले कशाने? संशोधकांच्या मते त्याचे मुख्य कारण तुलना हे होय. माणूस स्वतःची किंमत दुसऱ्याकडे पाहून ठरवितो, हे लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच मांडले होते. पूर्वी ही तुलना आळीतल्या, वर्गातल्या दहा-वीस जणांशी होई आणि त्यांची सुखदुःखे दोन्ही आपल्याला ठाऊक असत. आता ती हजारोंशी होते. आम्ही बँकेत काम करणारी माणसे, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. समाजमाध्यमांवर आपल्याला दुसऱ्याच्या पासबुकातील फक्त जमेची बाजू दिसते, नावेची बाजू तो कोणाला दाखवीत नाही. आपल्या पासबुकाच्या मात्र दोन्ही बाजू आपल्याला पाठ असतात. अशा हिशेबात आपली शिल्लक नेहमीच कमी निघणार! ज्याच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा तो पहिलाच आहे, वडिलांच्या तुटपुंज्या कमाईवर ज्याचे शिक्षण चालले आहे, अशा मुलाला हा खोटा हिशेब अधिक बोचतो. 'आपण मागे पडलो' ही भावना त्याच्या मनात घर करते आणि ती तो कोणाला सांगतही नाही.

दुसरे कारण या माध्यमांच्या रचनेत आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारल्यावर दाणा केव्हा मिळेल हे निश्चित नसले की, कबूतर सारखे चोच मारीत राहते. लॉटरीच्या नादाचे मर्मही हेच आहे. आपण मोबाईल पुन्हा पुन्हा उघडतो तोही असाच. कधी काही मिळते, कधी मिळत नाही. पुस्तकाचे प्रकरण संपते, वर्तमानपत्राचे पान संपते, तेथे आपण थांबतो. मोबाईलचा पडदा मात्र सरकवीत गेले तरी संपत नाही. २००६ साली ही युक्ती शोधणाऱ्या एझा रास्किन यांनीच पुढे तिच्याबद्दल खेद व्यक्त केला. तेव्हा मुलांचे मन दुबळे आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. समोरची रचनाच धरून ठेवणारी आहे. त्यातून झोप मोडते आणि मोडलेली झोप मनाचा तोल बिघडविते.

वेळेचाही हिशेब मांडून पाहू. रोज तीन तास म्हणजे वर्षाला १०९५ तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर हे जवळजवळ १३७ दिवस होतात. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याने हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

तथापि भीतीचा बागुलबुवा उभा करणेही योग्य नाही. ऑर्बेन आणि प्रझिबिल्स्की या संशोधकांना २०१९ मध्ये असे आढळले की, किशोरवयीन मुलांच्या समाधानात जो फरक दिसतो, त्यातील फार तर ०.४ टक्के भागाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लागतो. म्हणजे सरासरीने परिणाम थोडा दिसतो. पण सरासरीने थोडा असला तरी तो सर्वांवर सारखा नसतो. जो आधीच खचलेला आहे, एकटा आहे, त्याच्याकडे आपले लक्ष हवे.

मग उपाय कोणता? अमेरिकेत २०१८ साली सुमारे २७०० जणांवर एक प्रयोग झाला. त्यांतील काहींनी चार आठवडे फेसबुक बंद ठेवले. त्यांचा रोजचा सरासरी एक तास वाचला, घरच्या माणसांशी व मित्रांशी बोलणे वाढले आणि समाधानात थोडी का होईना, वाढ झाली. बातम्यांची माहिती मात्र कमी झाली, हेही नमूद केले पाहिजे. ऑस्ट्रेलियाने कायद्याचा मार्ग धरला. तेथे १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही.

आम्हांस अधिक जवळचा वाटतो तो सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचा मार्ग. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरली आणि शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातचा मोबाईल सुटेना. तेव्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावाने ठरविले की, सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास मोबाईल आणि टी.व्ही. बंद. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे. एकट्या मुलाला मोबाईल ठेवायला सांगितले तर आपण सर्वांतून तुटलो असे त्याला वाटते. सर्वांनी एकाच वेळी ठेवला तर कोणीच तुटत नाही. या उपक्रमाचे मर्म आम्हांस यात दिसते.

आपल्या वस्तीतही हे करता येण्यासारखे आहे. संध्याकाळचा दीड तास सर्व घरांनी मिळून ठरवावा. रात्री मोबाईल उशाशी न ठेवता बाहेरच्या खोलीत ठेवावा. पालक बंधू-भगिनींनी हा नियम प्रथम स्वतः पाळावा, कारण मुले ऐकून नव्हे, पाहून शिकतात. मूल गप्प गप्प राहू लागले, जेवण-झोप बिघडली, अभ्यासातून मन उडाले, तर रागावण्याआधी त्याच्याजवळ बसावे. गरज वाटल्यास १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली ही सेवा विनामूल्य आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत तर २०१४ पासून अशा तक्रारींसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. तापाला डॉक्टरकडे जाण्यात जसा कमीपणा नाही, तसा मनाच्या दुखण्यालाही नाही.

विद्यार्थी मित्रांनो, मोबाईल फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. तो तुमच्या हातात असावा, तुम्ही त्याच्या हातात नसावे. दुसऱ्याच्या जमेच्या बाजूवरून आपली किंमत ठरवू नका. आणि तुमचा एखादा मित्र त्या पडद्याआड हरवत चालला आहे असे दिसले, तर त्याला नुसता मेसेज पाठवू नका, त्याच्या घरी जा.