स्कूटर वाटेंत कां अडते?

आमच्या पुण्याच्या घरांत लहानथोर मिळून चौदा माणसें आणि एक जुनी चेतक स्कूटर आहे. १९८६ सालीं आमच्या काकांनीं, आधीं नांव नोंदवून व पुष्कळ वर्षें वाट पाहून, ती घेतली. काका आज नाहींत; गाडी आहे. त्यामुळें ती अडूं लागली म्हणजे घरांत जो तो हळहळतो आणि जो तो एकच निदान सांगतो : "कार्बुरेटर बिघडला!"

गेल्या पावसाळ्यांत माझा पुतण्या आपल्या आईस मागें बसवून जात असतां भर चौकांत इंजिन थांबलें. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानें वेळींच ब्रेक दाबला म्हणून अनर्थ टळला. त्या रात्रीं वहिनींनीं मला निर्वाणीचें सांगितलें, "भावोजी, ही गाडी नीट तरी करा, नाहीं तर विकून तरी टाका. मुलगा घरीं येईपर्यंत माझा जीव टांगणीस लागलेला असतो." मीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत माझ्या हातून जी चूक झाली व मी जें शिकलों, तें ज्यांच्या घरीं अशी गाडी अजून आहे त्यांस उपयोगी पडावें, म्हणून येथें देत आहें.

प्रथम या यंत्राची रचना ध्यानांत घ्यावी. १९७२ सालीं निघालेली चेतक ही इटलींतील व्हेस्पाच्या धर्तीची गाडी. हिची टाकी बैठकीखालीं असते व पेट्रोल आपल्याच वजनानें नळींतून कार्बुरेटरांत उतरतें. तेथील लहानशा कोठींत फ्लोट तरंगत असतो. कोठी भरली कीं तो वर येऊन सुईनें वाट बंद करतो. या कोठींतून जेटच्या सूक्ष्म छिद्रांवाटें पेट्रोल ओढलें जाऊन हवेंत मिसळतें. मंद चालीसाठीं एक जेट, वेगासाठीं दुसरा. टू-स्ट्रोक इंजिनाचें वंगणही या पेट्रोलांतूनच जातें. त्यासाठीं लिटरमागें २० मिलिलिटर तेल मिसळावें लागतें. अर्थात् पेट्रोल कमी पोंचलें कीं वंगणही कमी पोंचतें.

हें ठाऊक नसल्यामुळें मी पहिल्याच दिवशीं मिश्रणाचा स्क्रू फिरवूं लागलों. गाडी सुरू होई, दहाबारा मिनिटें चाले आणि पुन्हां थांबे. मीं स्क्रू आणखी आवळला. अखेर आमच्या पेठेंतील एका वृद्ध मिस्त्रींनीं मला थांबविलें. "साहेब, मिश्रण असें पातळ राहिलें तर इंजिन तापतें आणि पिस्टन जाम होतो. धांवत्या गाडीचें मागचें चाक एकदम अडकलें तर बसणाऱ्याचें काय होईल? आधीं मला सांगा, गाडी थांबते केव्हां?"

या एका प्रश्नांत सारें निदान आहे. पुष्कळ दिवस उभी राहिलेली गाडी मूठ सोडतांच बंद पडत असेल, तर मंद चालीचा जेट बुजल्याचा संभव अधिक. तो काढून पेट्रोलानें धुवावा व हवेनें फुंकावा. तार किंवा टांचणी घालूं नये, कारण तिनें छिद्र मोठें होतें. नंतर मिश्रणाचा स्क्रू हलक्या हातानें पुरता बंद करून सुमारें दीड फेरा उलट सोडावा, व इंजिन तापल्यावर बारीक जुळवणी करावी.

पेट्रोलाचा वास येत असून प्लग ओला निघत असेल, तर फ्लोटची सुई नीट बसत नाहीं, अथवा चोक अडकला आहे. अशा वेळीं गाडी तिरपी करून किक मारण्याची आपली जुनी संवय कामाची नाहीं. पेट्रोल आधींच अधिक झालेलें असतें. पेट्रोलचा कॉक बंद करून प्लग काढावा व पुसून कोरडा करावा. प्लगचें टोंक तपकिरी असल्यास मिश्रण ठीक. काळें व ओलसर असल्यास पेट्रोल अधिक. पांढुरकें असल्यास हवा अधिक, असें सामान्यतः समजावें.

मूठ सोडूनही इंजिन वेगानें फिरत राहिलें, तर मॅग्नेटोच्या बाजूचा ऑइल सील झिजून बाहेरची हवा आंत शिरत असण्याचा संशय घ्यावा. धूर फार होऊन गिअरचें तेल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचा सील पाहावा. हें काम कारागिराकडेच द्यावें.

राहिला आमचा प्रकार : थोडें चालून थांबणें आणि विसाव्यानंतर पुन्हां सुरू होणें. येथें मुख्य संशय दोन. थांबतांच प्लगची ठिणगी तपासावी. ती नसेल तर दोष बहुधा इग्निशन कॉइलचा. असेल तर टाकीचें झांकण उघडून पाहावें. आमच्या गाडीची ठिणगी उत्तम होती. मिस्त्रींनीं झांकण फिरविलें, तों सूं करून हवा आंत शिरली! झांकणाखालीं प्लॅस्टिकचा एक तुकडा नीट कापून बसविलेला होता. त्यानें झांकणांतील हवेचें छिद्र बुजलें होतें. जितकें पेट्रोल खालीं जावें तितकी हवा वरून आंत यावी लागते. ती न आल्यानें प्रवाह थांबे, आणि फटींतून हळूहळू हवा शिरली कीं पुन्हां सुरू होई.

तो तुकडा पुतण्यानें, पावसाचें पाणी टाकींत जाऊं नये म्हणून बसविला होता. त्याची भीति खोटी नव्हती. २०२५ पासून देशांत शेकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल सर्वत्र मिळूं लागलें, आणि इथेनॉल पाणी शोषून घेतें. परंतु उपाय निराळा : झांकणाचा रबरी वॉशर नवा घालावा, छिद्र मोकळें ठेवावें, जुनी रबरी नळी बदलावी आणि महिनोन् महिने पेट्रोल टाकींत सांठवूं नये. एवढें सर्व करतांना गाडी मोकळ्या अंगणांत व इंजिन थंड असावें. विडी, निरांजन, उदबत्ती कांहींही जवळ नसावें. ठिणगी पाहण्यापूर्वीं सांडलेलें पेट्रोल पुसून वाळूं द्यावें.

मीं बिघडविलेलें मिश्रण मिस्त्रींनीं पुन्हां जुळवून दिलें. आठव्या दिवशीं पर्वतीपर्यंत दोन खेपा झाल्या. गाडी कोठेंही थांबली नाहीं. तिसऱ्या खेपेस वहिनी मागें बसल्या. निघतांना म्हणाल्या, "झांकणाची काळजी आतां कोणी करूं नका, मी स्वतःच पाहीन."