डोळ्यातला थेंब आणि छातीतली धाप

काचबिंदूवर टिमोलॉल नावाचे थेंब देतात. थेंब डोळ्यात पडतो खरा, पण सगळा तिथे राहत नाही. काही भाग अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि रक्तात मिसळतो. दम्याच्या रोग्याला तेवढ्यानेही धाप लागू शकते, क्वचित जिवावर बेतते. डोळ्यातल्या औषधाने छाती का आवळावी?

पेशीच्या आवरणात रुतलेली काही प्रथिने बाहेरचा निरोप आत पोचवतात. त्यांना ग्राही म्हणजे रिसेप्टर म्हणतात. अ‍ॅड्रेनलिनचे ग्राही अल्फा आणि बीटा अशा दोन जातींचे असावेत, हे रेमंड आलक्विस्ट यांनी १९४८ मध्ये केवळ अवयवांच्या प्रतिसादांवरून मांडले. पुढे बीटाचेही प्रकार निघाले. हृदयात मुख्यतः बीटा-१, ते ठोके वाढवतात. श्वासनलिकांत बीटा-२, ते नलिका सैलावतात. दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल हेच बीटा-२ जागे करते. आवरणातून सात वेळा आरपार गेलेल्या या बीटा-२ ची बारीक रचना २००७ मध्ये स्फटिकांतून उलगडली.

जेम्स ब्लॅक यांचा विचार मला आजही फार आवडतो: दुखऱ्या हृदयाला जास्त प्राणवायू पुरवण्यापेक्षा त्याची गरजच कमी करावी. त्यातून साठच्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आले. ते ग्राहीच्या खोबणीत बसते, पण निरोप पोचवत नाही आणि अ‍ॅड्रेनलिनलाही बसू देत नाही. मात्र ते बीटा-१ आणि बीटा-२ असा भेद करत नाही. टिमोलॉलही त्याच कुळातले.

अ‍ॅटेनोलॉलसारखी औषधे बीटा-१ निवडतात, असे पुस्तके सांगतात. इथे कुलूप-किल्लीची उपमा मला फसवी वाटते. किल्ली लागते किंवा लागत नाही. औषधाचा रेणू मात्र बसतो, उठतो, पुन्हा बसतो. संगीतखुर्चीच म्हणा ना. ज्याची पकड घट्ट किंवा संख्या मोठी, त्याच्याकडे खुर्ची जास्त वेळ. म्हणून मात्रा वाढली की ‘निवडक’ औषधही बीटा-२ वर जाऊन बसते.

थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दोनेक मिनिटे दाबून धरला, तर रक्तात कमी औषध जाते. पण दमा असेल, तर तेवढ्यावर विसंबू नये. नेत्रतज्ज्ञाला आधीच सांगावे. ते बहुधा लॅटॅनोप्रॉस्टसारखे दुसरे थेंब देतात, ज्यांचे ग्राही प्रोस्टाग्लँडिनचे आहेत, अ‍ॅड्रेनलिनचे नाहीत.